काढा आणि काटा

११ जानेवारी

किडनीच्या डॉक्टरांनी आज सांगितलं, माझं सगळं जुळतं. रक्तगट जुळतो, बाकीच्या तपासण्या जुळतात, माझ्या दोन्ही किडन्या ठणठणीत आहेत. फक्त वजन आडवं येतंय. "एवढ्या वजनाच्या माणसाची किडनी मी काढणार नाही. तीन-चार महिने घ्या, उतरवून या, मग तारीख देतो," म्हणाले.

किती उतरवायचं ते विचारलं. माझ्या कामाच्या पेटीतलं दहा किलोचं एक वजन आणि पाचाचं एक, एवढं निघालं. ती दोन्ही घेऊन एखाद्या दुकानाचा जिना चढताना मला धाप लागते. म्हणजे तेवढंच मी अंगावर घेऊन रोज हिंडतोय, आणि वर पुन्हा पेटी.

मी वजनकाटे दुरुस्त करतो. भाजीवाल्याच्या तराजूपासून वखारीतल्या मोठ्या काट्यापर्यंत. तीस वर्षं लोकांची वजनं बरोबर करून देतोय आणि स्वतःचं हे असं. दिव्याखाली अंधार.

आमच्या हिच्या किडन्या गेल्या वर्षी संपावर गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. लेकीचा रक्तगट जुळत नाही. मेहुण्याला साखर आहे. फिरून फिरून भोपळे चौकात, तसं सगळं माझ्यापाशी येऊन थांबलं. मी तर खुशीत आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, हिला देण्यासारखं माझ्याकडे काहीतरी निघालं.

येताना ही सगळा रस्ता गप्प होती. दमली असणार.

१३ जानेवारी

काष्ठौषधीवाल्याकडे गेलो. त्याचा पितळी पारड्यांचा जुना तराजू दरवर्षी मीच बघतो. माणूस वयाने माझ्याएवढा, अंगाने माझ्या निम्मा, म्हटलं याला नक्की काहीतरी ठाऊक असणार.

"चरबी वितळवणारं काही आहे का हो तुमच्याकडे?"

"असतं तर मी या दुकानात बसलो असतो का?" तो म्हणाला.

मग त्याने एकेक बरणी उघडून नाकाशी धरायला दिली. मला फार मजा आली. मेथीला वास असा नाहीच, चावली की मग कळते. दालचिनीची साल जिभेवर आधी गोड आणि मग झणझणीत. सुंठ नाकातून थेट टाळूत जाते. तो म्हणाला, मेथी भिजली की पोटात फुगून बसते, भूक थोपवते. दालचिनी घातली की साखरेची आठवण कमी येते. सुंठ पचनाला. हिरवा चहा ज्याला आवडतो त्याला. "पण हे सगळं पाठीवर हात ठेवणारं आहे, काका. चालायचं आणि कमी खायचं ते तुमचं तुम्हालाच."

"मग लोकांना तेवढंच का नाही सांगत?"

"चालण्याची पुडी बांधता येत नाही ना."

तीन पुड्या घेऊन आलो. हिने प्रत्येक पुडी उघडून वास घेतला आणि फडताळात ठेवली.

१७ जानेवारी

दहा ग्रॅम मेथीदाणे पाण्यात भिजवून सकाळी निथळून पुन्हा मोजले. दुपटीच्या वर गेले. दाण्याभोवती शेवाळासारखा बुळबुळीत थर येतो, पाणी त्यानेच धरून ठेवलेलं असतं. एवढासा दाणा एवढं पाणी कुठून धरतो, याचं नवल वाटत बसलो. चमचाभर तसेच चावून खाल्ले. तोंड इतकं कडू झालं की दोन तास कशावरही वासना गेली नाही. कदाचित औषध हेच असेल, मेथीला उगीच मान.

काढा मीच उकळत होतो, तर हिने पातेलं ओढून घेतलं. "तुम्हाला आच कळत नाही. काढा मी करीन. जेवणाचंही मीच बघते, डॉक्टरांनी सांगितलंय तसं."

मी नको म्हटलं. हिने दमायचं नाही असं ठरलंय. पण ऐकेल तर ना. आयुष्यभर शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक केलेली बाई. तिथली पोरं भाजीला तोंड लावत नसत, तर ही दुधीभोपळा किसून कशातही असा मिसळायची की पोरं दुसऱ्यांदा मागून घेत आणि पत्ता कुणाला लागत नसे. आता ते कसब माझ्या पथ्याला लागणार. नशीबवान आहे मी.

२० जानेवारी

हिच्या हातचा काढा प्यायलो. काय सांगू. माझ्या हातचा म्हणजे शिक्षा होती, हिचा मागून घ्यावासा वाटतो. आच कळणं म्हणजे काय ते आज कळलं.

२९ जानेवारी

पहिलं वजन. काटा आहे तिथेच. उलट केसभर पुढे.

वजन उतरेना, काटा वाकडा. हे आमच्या धंद्यात रोज ऐकतो, म्हणून आधी काटाच तपासला. प्रमाण वजनं लावून पाहिलं, एका ग्रॅमचाही फरक नाही. आमची तपासायची रीत ठरलेली आहे. गिऱ्हाईक म्हणालं की वजनात गफलत आहे, तर आधी टेबल बघायचं, सपाट आहे का. मग वारा बघायचा, पंखा पारड्यावर येतो का. आणि तरी सापडलं नाही तर अंगठा बघायचा, म्हणजे तोलणाऱ्याचा. टेबलाला दोष देता येतो, वाऱ्याला देता येतो. माणसाला दोष द्यायचा तर शेवटी.

फरशीला पाणसळ लावली. सपाट. पंखा बंद केला. वजन तेच.

मग औषधाचंच प्रमाण चुकत असेल. मेथी वाढवावी का?

३ फेब्रुवारी

हॉस्पिटलमध्ये समन्वयक बाईंना भेटलो. देणारा, घेणारा आणि डॉक्टर यांच्यामधलं सगळं त्याच बघतात. जाताना फुटपाथवरून एक चूर्णाचा डबा घेतला होता. डब्यावर एक माणूस स्वतःची जुनी पँट ताणून उभा. बाईंनी डबा उलटसुलट केला.

"काका, यात काय आहे?"

"वनस्पती."

"कुठल्या?"

ते डब्यावर नव्हतं. "मेथी, दालचिनी, आलं स्वयंपाकात घालतो तेवढं घ्या, माझी ना नाही. हे नको. कुठल्या मुळीने किडनीचं काय होतं ते हा पँटवाला सांगायला येणार नाही. आणि काकूंना तर तुमच्या काढ्यातला थेंबसुद्धा द्यायचा नाही." डबा मी त्यांच्यासमोर कचऱ्यात टाकला.

मग त्यांनी दार लावून घेतलं. हिला बाहेर बसवलं होतं. म्हणाल्या, "नियमच आहे म्हणून विचारते. किडनी देण्यासाठी तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? आत्ता नाही म्हणालात तर बाहेर कुणालाही कारण कळणार नाही. आम्ही वैद्यकीय कारण सांगू."

मला हसूच आलं. हो, माझीच इच्छा आहे, म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हटलं.

बाहेर आल्यावर ही म्हणाली, "काय विचारलं?" मी सांगितलं. "आणि तुम्ही काय म्हणालात?" मी म्हटलं, वेडी आहेस का, दुसरं काय म्हणणार? ती बराच वेळ पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली.

१० फेब्रुवारी

डायलिसिसच्या खोलीत मला सगळ्यात आवडतो तो तिथला काटा. पेशंटचं वजन आधी करतात आणि नंतर करतात. मधल्या काळात यंत्र अंगातलं साठलेलं पाणी काढून घेतं. पाणी गेल्यावर जे राहतं त्याला कोरडं वजन म्हणतात. किती नेमका शब्द. हिचं वजन चार तासांत उतरतं, माझं महिन्यात नाही. हिला तसं म्हटलं तर म्हणाली, "चला, बदलून घेऊ." फार दिवसांनी थट्टा केली.

सिस्टरना त्यांचा काटा थोडा जास्त दाखवतोय हे सांगितलं आणि तिथल्या तिथे नीट करून दिला.

२६ फेब्रुवारी

परगावी आलोय. धान्याच्या वखारीतले सगळे काटे तपासायचेत, आठवडा जाईल. हिच्या सोबतीला लेक येऊन राहिली आहे. ही डबा बांधून देत होती, मी म्हटलं आठवड्याचा डबा टिकणार कसा. पुड्या तेवढ्या बरोबर आणल्या.

लॉजच्या किटलीत काढा केला. काय भयंकर झाला. पुड्या त्याच, प्रमाण तेच, वेळही घड्याळ लावून पाळली. हाताला चव असते म्हणतात ती खरीच.

खाली खानावळ आहे. उकडलेलं काहीतरी देतात, त्यात मीठसुद्धा विचार करून घातलेलं असतं.

४ मार्च

वखारीतल्या काट्यावर वजन केलं. दोन किलो उतरलंय.

विश्वास बसेना म्हणून उतरून पुन्हा चढलो. हमाल हसायला लागले. उंचावरच्या गावात स्प्रिंगचा काटा केसभर कमी दाखवतो हे खरं, पण हा स्प्रिंगचा नव्हे आणि दोन किलो म्हणजे केस नव्हे. मग काय असेल? इथलं पाणी वेगळं आहे. किटलीत झाकण लावून उकळल्याने अर्क उडून जात नसेल. किंवा काढा जितका कडू तितका गुणकारी. ही तिसरी शक्यता मला पटते. घरी हिच्या हातून कडूपणा निघून जातो आणि गुणही त्याच्याबरोबर जात असणार.

हिला फोन करून सांगितलं. म्हणाली, "अरे वा." मग म्हणाली, "खाता ना नीट?"

१३ मार्च

घरी येऊन आठवडा झाला. उतरलेलं परत चढलं, वर थोडं व्याज.

हिला झाकण लावून उकळायला सांगितलं. लावलं. पाणी गाळून घेतलं. पातेलं बदललं. काढा मात्र तसाच, पिताना घशाखाली मऊ उतरतो. पथ्याचं सूपही असं की बोटं चाटावी. नुसत्या भाज्या उकळून एवढी चव येते हे मला या वयात कळलं. मी इतका काटेकोर वागतोय आणि शरीर ऐकत नाही, याचं वाईट वाटतं. सकाळी आरशासमोर उभा राहून स्वतःलाच चार शिव्या दिल्या.

काष्ठौषधीवाल्याला विचारलं. तो मान खाजवत म्हणाला, "औषध बदललं नाही, माणूस बदलला नाही, मग फक्त जागा बदलली." म्हणजे पाणीच.

१८ मार्च

आज एका किराणा दुकानदाराने बोलावलं. काटा जास्त माल देतोय, महिनाअखेर हिशेब बसत नाही, म्हणाला. काटा तपासला, चोख. टेबल सपाट. पंखा बंद. मग मी कोपऱ्यात पोत्यावर बसून चहा पीत राहिलो. तोलायला दुकानदाराची बायको होती. सगळ्यांना बरोबर तोलून देत होती. एक म्हातारा निवृत्त पोस्टमन आला, त्याचंही बरोबर तोललं, आणि पारड्यावरून पिशवी उतरवल्यावर हळूच एक मूठ आत सोडली. मग एका बाळंतिणीच्या पिशवीत. पिशवी काट्यावरून उतरल्यावर काटा बिचारा काय करणार? माझी नजर तिला दिसली. तिने डोळ्यांनीच सांगितलं, बोलू नका.

दुकानदाराला म्हटलं, "तेल घातलंय, बघा आता." पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन हिला रंगवून सांगितलं. म्हटलं, तीस वर्षांत चोरीचे अंगठे पुष्कळ पाहिले, मायेचा पहिल्यांदा पाहिला.

ही म्हणाली, "तुम्ही सांगितलं का त्याला?"

"नाही."

"का?"

"वाईट हेतू नव्हता तिचा. आणि कळल्यावर घरात भांडण. कशाला?"

ही माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, दूध उतू जाईल, आणि आत गेली. मी मागोमाग पाणी प्यायला गेलो तर शेगडीवर काहीच नव्हतं.

२४ मार्च

वाईट दिवस. हिच्या डाव्या हातात मनगटाच्या वर डॉक्टरांनी दोन रक्तवाहिन्या जोडून ठेवल्यात, डायलिसिसच्या सुया तिथेच टोचतात. त्या जागेला कान लावला की आत सतत सुरसुर ऐकू येते. मी रोज सकाळी ऐकतो, मला तो आवाज आवडतो. आज नव्हता. कान दाबून धरला तरी नव्हता.

हॉस्पिटलला नेलं. रक्ताची गाठ झाली होती. ती काढली, सुरसुर परत आली, पण बारीक. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "हा हात फार काळ साथ देईल असं वाटत नाही. दुसऱ्या हाताच्या शिरा बारीक आहेत. तुमच्या वजनाचं काय झालं?"

मी मान खाली घातली. दीड-दोन महिने आहेत म्हणाले, तेवढ्यात जमवा.

घरी आल्यावर मी हिच्यासमोर रडलो. म्हटलं, सगळं करतोय गं मी, उतरतच नाही. हिने माझा हात धरला. ती रडली नाही. तिचा चेहरा असा झाला होता की तिलाच कुठेतरी दुखतंय असं वाटलं, म्हणून मी डोळे पुसले.

२८ मार्च

आज कळलं.

लेक आली होती. तिलाही अंग कमी करायचं आहे, म्हणून माझा काढा पेल्यात ओतून घेतला. एक घोट घेतला आणि थांबली.

"बाबा, रोज हेच पिता तुम्ही?"

"हो. छान असतो ना?"

"छान असणारच. यात साय आहे. मध आहे. आणि बदाम वाटून घातलेत, हे बघा तळाशी." तिने पेला तिरका करून दाखवला. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथे ही उभी होती. लेकीने पेला खाली ठेवला, पर्स उचलली आणि म्हणाली, "आई, मी संध्याकाळी येते." शहाणी आहे.

माझा दुपारचा डबा, उकडलेली डाळ, फ्रिजमध्ये नेऊन ठेवला आणि खुर्चीवर बसलो. ही समोर बसली. मी घड्याळात अर्धा तास मोजला. मग डबा काढला. वर लोण्याचा पांढरा थर, बोटाच्या जाडीचा.

काखेत कळसा आणि मी वखारीचं पाणी तपासतोय.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"डॉक्टरांसमोर मी मान खाली घालून उभा होतो. तू बघितलंस."

"बघितलं."

"का केलंस?"

ही पदराचं टोक मुठीत धरून बसली होती. म्हणाली, "तुम्ही ठरवून टाकलंत. देणार म्हणजे देणार. मी नको म्हटलं असतं तर तुम्ही सकाळ-संध्याकाळ समजावत बसला असता. लेकीला बोलावलं असतं, माझ्या भावाला बोलावलं असतं. त्यापेक्षा लोणी घालणं सोपं होतं."

"अगं, तू मरशील. कळतंय का तुला?"

"कळतंय. पण चांगल्या माणसाला कापायला माझ्यामुळे नेणार. तुम्ही टेबलावरून उठला नाहीत, तर तुमची किडनी पोटात घेऊन मी कुठे जाऊ?"

यावर मी ओरडलो. तुला माझी किंमत नाही म्हटलं. तीन महिने फुकट घालवलेस म्हटलं. आणखीही बोललो, ते लिहीत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग लोण्याचा थर चमच्याने काढून टाकला आणि डाळ गरम करून माझ्यासमोर ठेवली. मी जेवलो नाही.

३० मार्च

बोलणं नाही. माझा काढा मी करतो. भयंकर. तरी पितो. चालायला जातो. रागात माणूस फार लांब चालतो, हा एक शोध.

४ एप्रिल

वजन दीड किलोने उतरलं. सांगायला गेलो आणि आठवलं की आम्ही बोलत नाही. मग काट्यालाच शाबासकी दिली.

मेथीने उतरलं की लोणी थांबल्याने, की चालल्याने? तिन्ही एकदम बदलल्यामुळे सांगता येत नाही. चांगला कारागीर एका वेळी एकच स्क्रू फिरवतो. पण वेळ नाही.

६ एप्रिल

आज चालताना समन्वयक बाईंची बंद खोली आठवली. मला दार लावून विचारलं, दोनदा विचारलं, तुमची इच्छा आहे ना? आणि ही तेव्हा बाहेर बाकावर बसली होती. देणाऱ्याला विचारायचा नियम आहे. घेणाऱ्याला विचारावं असं कुणालाच वाटलं नाही. त्यांचं जाऊ दे. मला वाटलं नाही. अकरा जानेवारीला मी या वहीत लिहिलंय की मी खुशीत आहे. हिच्याबद्दल काय लिहिलंय, तर दमली असणार.

वाटेतूनच परत फिरलो. ही खिडकीपाशी भाजी निवडत होती. मी समोर बसलो आणि म्हटलं, "माझी किडनी तुला हवी आहे का? नको असेल तर नको म्हण. मी समजावणार नाही. लेकीलाही बोलावणार नाही."

तिने हातातली जुडी खाली ठेवली. म्हणाली, "आत्ता विचारताय."

"हो. उशीर झाला."

"विचार करून सांगते."

मी बरं म्हटलं आणि मग भीती वाटली, कारण ती खरंच विचार करणार होती. समजावणार नाही हे बोलून गेलो होतो, आता तोंड दाबून बसणं आलं. आजवर केलेल्या पथ्यांत हे सगळ्यात अवघड आहे.

११ एप्रिल

डॉक्टरांकडे नेहमी मी बोलतो आणि ही बाजूला बसते. आज ही पुढच्या खुर्चीत बसली.

"मला किडनी दिली आणि ह्यांना काही झालं तर?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "धोका कमी आहे. पण अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. आणि वजन जास्त असेल तर तो वाढतो. भूल देताना त्रास, जखम भरायला वेळ, पुढे साखर, रक्तदाब, आणि तो भार उरलेल्या एकाच किडनीवर. म्हणून तर उतरवायला सांगितलं."

"ते माझ्यासाठी सांगितलं होतं ना?"

"तुमच्यासाठी? नाही. ही अट ह्यांच्यासाठी आहे, ह्यांना सुखरूप घरी पाठवता यावं म्हणून."

हिचा रंग एकदम उतरला, मी पाणी द्यायला उठलो तर हातानेच नको म्हणाली. तिला पाणीही मोजून प्यायचं असतं, मी विसरलो.

येताना जिन्यावर थांबली. "म्हणजे मी इतके दिवस तुम्हाला वाचवत नव्हते, उलट..." एवढंच म्हणाली आणि कठडा धरून उभी राहिली. मी विचारलं, काय? म्हणाली काही नाही. उद्या डायलिसिस आहे, अशक्तपणा असेल.

१३ एप्रिल

सकाळी स्वयंपाकघरात गेलो तर पातेलं शेगडीवर होतं आणि ही समोर उभी. मी म्हटलं, मी करतो. म्हणाली, "बसा."

काढा आला. रंग काळपट. एक घोट घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. माझ्या हातचा, लॉजच्या किटलीतला, सगळे याच्यापुढे सरबत. हिने सुंठ ताजी कुटली होती आणि मेथी जरा भाजून घातली होती, म्हणून कडूपणा घशात अडकून बसत होता. मेथी भाजल्याने काय होतं ते विचारायचं होतं, पण तोंड उघडायची सोय नव्हती. बाजूला बशीत उकडलेलं अंडं आणि काकडी, बस्स.

ही समोरच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसली होती. प्रत्येक घोट बघत होती. पेला रिकामा झाल्यावर तिने तो हातात घेतला, तळ पाहिला आणि तसाच धरून ठेवला.

"तुमची किडनी घेईन मी," म्हणाली. "पण मी सांगेन तेवढंच खायचं आणि मी सांगेन तेवढं चालायचं. मला तुम्ही घरी परत हवे आहात."

मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, ऊन व्हायच्या आत निघा. मी चपला घालत होतो तर तिनेही तिच्या पायात सरकवल्या आणि माझ्याबरोबर खाली उतरली.